पुलापाशी या आणि कुणालाही विचारा

शेजूळ सरांची आणि माझी ओळख एका प्रश्नाने झाली, आणि त्या प्रश्नाचे उत्तर मला तेव्हा देता आले नव्हते. मी आठवीत होते. आमच्यासाठी नवे असलेले भूगोलाचे शिक्षक वर्गात आले, तर काखेत नकाशाची गुंडाळी नाही, हातात छडी नाही. शर्टाच्या खिशात खडूचे तुकडे, आणि त्या तुकड्यांनी पांढरा झालेला खिसा. फळ्याकडे पाठ करून सर उभे राहिले आणि म्हणाले, "मी तुमच्या घरी जेवायला येणार हाय. रस्ता सांगा."

वर्गाला हे भारीच आवडले. मारुतीच्या देवळापासून डावीकडे, कासाराच्या दुकानावरून सरळ, आडापाशी या अन् समोरचाच दरवाजा, असे रस्ते सगळीकडून येऊ लागले. माझी पाळी आली तेव्हा मी म्हणाले, "सर, नाल्याच्या पुलापाशी या आन् कुणालाबी विचारा."

"कुणालाबी म्हंजे कुणाला?"

वर्ग हसला. मला खरे तर सांगता आले असते. पूल ओलांडला की बुद्धविहार, त्याच्या मागची दुसरी ओळ, दारात शेवग्याचे झाड. पण पूल ओलांडून आमच्याकडे कधी कुणी आलेच नव्हते, त्यामुळे हे ऐकून कुणाला काय कळणार, असे मला वाटले. सर मात्र हसले नाहीत. "बस खाली. तुझं उत्तर आपण सांभाळून ठेवू," असे म्हणून ते पुढच्या बाकाकडे वळले. शिक्षक 'पुढे बघू' म्हणतात त्यातलेच हे असेल, असे समजून मी सुटकेचा श्वास सोडला.

सरांच्या अमृतमहोत्सवानिमित्त निघणाऱ्या या ग्रंथासाठी संपादकांनी मला 'सरांचे शैक्षणिक कार्य' या विषयावर लिहायला सांगितले आहे. त्या विषयावर लिहिणारी माझ्याहून जाणती मंडळी या ग्रंथात आहेत. केदारखेड्याच्या शेतकरी घरातला एक मुलगा जालन्याला शिकायला येतो आणि पुढे जन्मभर जुन्या जालन्यातल्या एकाच शाळेत भूगोल शिकवतो, हा प्रवास त्यांनी जवळून पाहिलेला आहे. मी फक्त एका नकाशाबद्दल लिहिणार आहे. सर मला जेवढे समजले ते त्या नकाशातून समजले, आणि जेवढे समजले नाहीत तेही त्यातूनच.

एकविसावे शतक नुकते सुरू झाले होते. शाळेला कुणीतरी वापरलेले संगणक भेट दिले होते. शिवणाच्या बाईंनी जुन्या पडद्यांचे अभ्रे शिवून ते झाकले होते, आणि त्या खोलीत जाताना देवळात जावे तशा चपला बाहेर काढाव्या लागत. त्याच वर्षी जिल्ह्यातल्या शाळांसाठी पॉवरपॉइंटवर सादरीकरणाची स्पर्धा जाहीर झाली. विषय होता 'आपला परिसर'. बाकीच्या शाळा किल्ले, मंदिरे, साखर कारखाना असले देखणे विषय घेणार हे उघड होते. सर म्हणाले, "आपण रंगारवेशीचा नकाशा काढू. जिथं रोज चालतो तिथलं आपल्याला किती ठाऊक हाय, ते तरी कळल."

रंगारवेस म्हणजे शाळेभोवतालचा मोहल्ला. मध्ये आड, आडाभोवती गल्ल्या, आणि एका अंगाला नाला. प्रत्येक गल्लीला मुलांचा एक गट नेमला. दर रविवारी आम्ही हिंडत असू आणि दर घरी विचारत असू, तुमच्या आधी इथे काय होते? आडावर तुमचे पाणी कुणीकडून भरत? सरांनी एक नियम घालून दिला होता, आणि तो मी आजवर मोडलेला नाही. डोळ्यांनी पाहिले ते काळ्या अक्षरात. माणसांकडून ऐकले ते निळ्या. इंटरनेटवरून आणले ते लाल. एक रंग दुसऱ्यात मिसळायचा नाही. "ऐकलेलं खोटं नसतं," ते सांगत, "पण ते पाहिलेलं बी नसतं."

इंटरनेटसाठी बसस्टँडजवळच्या कॅफेत जावे लागे. एकेक पान पंख्याच्या वाऱ्यावर वाळत घातल्यासारखे हळूहळू उघडत असे. जालन्याविषयी एक परिच्छेद आम्हांला इतक्या ठिकाणी सापडला की तो सर्वमान्य इतिहास आहे अशी आमची खात्री झाली. सरांनी सगळ्या प्रती शेजारी शेजारी ठेवल्या आणि एकच चुकलेले वाक्य प्रत्येकीत दाखवले. "एकानं लिहिलं आन् बाकीच्यांनी उतरवलं. मंग हे किती जणांचं झालं?" "एकाचं," आम्ही म्हणालो. सर खूश झाले आणि सगळ्यांना भजी मिळाली.

आमच्यात संगणकावर खरा हात चालायचा तो नितीनचा. वेशीत त्याच्या वडिलांचे कापडाचे दुकान होते. त्याने एक घर काढले आणि कॉपी करून सगळी गल्ली भरली. सर चष्मा वर करून बघत राहिले. "सगळ्यांची घरं सारखी? नगरपालिकेला इतक्या वर्षांत हे जमलं न्हाई, तू एका बटणात केलंस." अक्षरे उडत येण्याच्या खेळावर मात्र त्यांचा खराखुरा राग होता. "जल्दी थांबव ते. अक्षरं पळून राह्यली तर माणसानं वाचावं कसं?" त्यांनी आवाज चढवलेला मी ऐकला तो या एकाच कारणासाठी.

माऊसवर हात नितीनचा आणि आम्ही मुली मागे उभ्या, असे काही दिवस चालले. सरांच्या ते लक्षात आले तेव्हा त्यांनी कुणालाही बोल लावला नाही, नियमच बदलला. ज्या गल्लीत जो हिंडला असेल, ती गल्ली काढताना माऊस त्याच्या हातात. नितीन सहसा कॅफेत असे, हिंडायला कमी येई. दोन रविवारांत तोही उन्हात दिसू लागला आणि मीही आयत काढायला शिकले.

मग सगळ्या गटांच्या स्लाइडी एकत्र जोडायचा दिवस आला, आणि त्या जुळेनात. रंगारवेशीत आड एकच, पण आमच्या नकाशात तो दर स्लाइडीला वेगळ्या कोपऱ्यात. प्रत्येकाने आपापल्या उंबऱ्यावर उभे राहून गल्ली काढली होती. ज्याचे जे समोर, ते वर. आम्ही मान खाली घालून बसलो. सर उलट कुतूहलाने एकेक स्लाइड पाहू लागले, कुणाच्या दारातून काय दिसते हे विचारू लागले. शेवटी म्हणाले, "इमानदारीनं काढलंय. फक्त आता सगळ्यांनी एकाच जागी उभं राहा. आडापाशी."

आडापासून काढलेला नकाशा सुरेख जुळला. आडावर कुठल्या घरचे पाणी भरत असत, रहाट कुणाचा होता, पोहायला कोण शिकले, असा निळ्या अक्षरांचा मजकूर चहूबाजूंनी भरला. कॅफेतून आणलेला एक जुना शहर-नकाशाही नितीनने लाल अक्षरात जोडला. त्यातही रंगारवेस नाल्याशी संपत होती. सगळे सगळ्याशी जमत होते.

स्पर्धेला चार-पाच दिवस उरले असताना वर्गात तालीम झाली. सरांचे एक माजी विद्यार्थी बियाण्यांच्या कंपनीत होते. शेतकऱ्यांच्या मेळाव्यात वापरायचा प्रोजेक्टर त्यांनी दिला होता. खिडक्यांवर सतरंज्या टांगल्या आणि अख्खी रंगारवेस भिंतीवर उमटली. टाळ्या झाल्या. उजव्या कडेला नाल्याची निळी रेघ होती, आणि तिथेच उजेड संपत होता. माझी नजर त्या कडेपलीकडे, कोऱ्या भिंतीवर गेली. नकाशा असाच पुढे चालला तर आमचे घर कुठे येईल, याचा मी मनाशी अंदाज करत होते. मला त्या क्षणी वाईटही वाटले नव्हते. खरेच फक्त जाणून घ्यायचे होते.

"करुणा, तिकडं काय बघून राह्यलीस?" सरांनी विचारले.

"सर, आमचं घर स्विचबोर्डापाशी येतं."

पुन्हा हशा झाला. सर उठून त्या भिंतीपाशी गेले. आता त्यांच्या अर्ध्या अंगावर रंगारवेस होती आणि अर्धे अंग अंधारात. नितीन म्हणाला, "सर, नाल्यापलीकडं रंगारवेस न्हाईच. इंटरनेटवरच्या नकाशात बी न्हाई."

"ते लाल झालं. काळ्यात काय हाय? पुलापलीकडं कोण कोण गेल्ता?"

कुणाचाच हात वर झाला नाही. सरांनी खिशातून खडू काढला. "सांग, करुणा." मी सांगत गेले आणि सर भिंतीवर काढत गेले. पूल, विहार, पहिली ओळ, दुसरी ओळ, शेवग्याचे झाड. रेघा स्विचबोर्डापर्यंत पोहोचल्या. भिंतीला नुकताच रंग दिलेला होता, त्यामुळे मुख्याध्यापकांनी पुढे सरांना जे काही ऐकवले ते आम्ही व्हरांड्यातून ऐकले. सर "बराबर आहे, बराबर आहे" एवढेच म्हणत होते. मी ऐकत होते खरी, पण माझ्या डोक्यात एकच होते. ती खडूची रेघ कुणी पुसायच्या आत स्लाइडीवर गेली पाहिजे. नाही तर आमची वस्ती होती म्हणून कुणाला पटायचे नाही, मला स्वतःलासुद्धा.

दुसऱ्या दिवशी सुट्टी होती. सर सगळा गट घेऊन पुलावर आले. पुलाच्या तोंडाशी रसूलभाईंची पिठाची गिरणी. आमच्या वस्तीचे दळण पिढ्यान्‌पिढ्या त्यांच्याकडे. सरांनी त्यांनाही विचारले, पलीकडे कोण कुठे राहते? रसूलभाई पिठाचे हात झटकत म्हणाले, "डब्बे पहचानता मैं सर, घर नहीं. उधर जाने का कभी कामच नहीं पडा." आम्ही ते निळ्यात लिहून घेतले.

माझे बाबा मोंढ्यात, धान्याच्या बाजारात, हमाली करत. त्या दिवशी मोंढा बंद होता, म्हणून ते घरी होते. सरांनी त्यांना तोच प्रश्न विचारला जो वेशीत दर घरी विचारला होता. आडावर तुमचे पाणी कुणीकडून भरत?

बाबा जरा हसले. "आडावर आमची माणसं जात न्हवती, सर. जाऊ देत न्हवते. नाल्यात आमचा झिरा व्हता. वाळूत खड्डा करायचा आन् पाणी झिरपायची वाट बघत बसायचं. माझी माय वाटीनं घागर भरायची."

नितीन हातातल्या कागदाकडे बघत होता. सर सगळ्यांना ऐकू जाईल असे म्हणाले, "आडापाशी उभं राहून नकाशा काढा, असं मीच सांगितलं होतं. चूक पोरांची न्हाई, माझी हाय."

बाबांनाच अवघडल्यासारखे झाले. "ऱ्हाऊ द्या हो सर. तो आड बी आता आटला, झिरा बी गेला. आता नळ दोन्हीकडं बराबर येत न्हाई." त्यावर सर मोठ्याने हसले, मग सगळेच हसले, आणि आईने चहा आणला.

शिक्षकाने आपली चूक विद्यार्थ्यांसमोर, विद्यार्थिनीच्या वडिलांसमोर, तिच्याच घरात बसून सांगावी, हे मी त्याआधी पाहिले नव्हते. नंतरही फारसे पाहिले नाही. सरांच्या विद्वत्तेबद्दल, शिस्तीबद्दल पुष्कळ बोलले जाते. मला त्यांच्याबद्दल आदर वाटू लागला तो त्या चहाच्या आधीच्या दोन मिनिटांत.

नितीनला मात्र घोर लागला होता, आणि त्याचेही खोटे नव्हते. मध्य बदलला की सगळ्या स्लाइडी पुन्हा. "सर, एवढ्यात कसं होईल? नंबर हातचा जाईल. नाल्यापलीकडची एक स्लाइड शेवटी जोडली तर?" सरांनी ते उडवून लावले नाही. सगळ्यांना विचारले. आमच्यातले बरेच जण नितीनच्या बाजूचे होते. शेवटी जोडलेली स्लाइड हीसुद्धा एक स्लाइडच, काही नसण्यापेक्षा बरी, असे मीही मनात म्हणू लागले होते.

"मध्ये कुठं उभं राहिलं तर दोन्ही अंगं दिसतील?" सरांनी विचारले आणि माझ्याकडे वळले. "तुझं एक उत्तर मी सांभाळून ठेवलंय. जेवायला येणाऱ्याला तू कुठं बोलावलं होतंस?"

"पुलापाशी," मी म्हणाले.

आम्ही पुलावर गेलो. तिथून एकीकडे आडावरचा पिंपळ दिसत होता आणि दुसरीकडे विहारावरचा निळा झेंडा. नितीन कठड्याला टेकून बराच वेळ दोन्हीकडे बघत राहिला. मग त्याने कागद गुडघ्यावर घेतला आणि मधोमध पूल काढला. पुढचे तीन दिवस संगणकाच्या खोलीबाहेर आमच्या चपलांचा ढीग हलला नाही. दुसरी ओळ, शेवग्याचे झाड आणि नाल्यातला झिरा या स्लाइडीच्या वेळी माऊस माझ्या हातात होता. झिरा मी निळ्या अक्षरात लिहिला.

स्पर्धेत आमचा नंबर आला नाही. एका परीक्षकांनी विचारले, नकाशाच्या मधोमध एवढासा पूल कशासाठी? मी म्हणाले, "तिथून दोन्हीकडं जाता येतं." एवढ्यात वेळ संपल्याची घंटा झाली. अक्षरे हलत नाहीत, सादरीकरण जिवंत वाटत नाही, असा शेरा मिळाला. परतताना जीपमध्ये नितीन डोळे पुसत होता. सर त्याला म्हणाले, "ज्यांचा नकाशा हाय त्यांनी अजून बघितलाच न्हाई. मंग निकाल कुठं लागला?"

प्रोजेक्टर परत करायच्या आधी एका संध्याकाळी सरांनी तो पुलावर आणला. रसूलभाईंनी गिरणीची भिंत चुन्याने पांढरी करून दिली. अलीकडची आणि पलीकडची माणसे पुलावर, कठड्यावर, नाल्याच्या काठावर बसली. भिंतीवर आपले घर आले की बाया एकमेकींना कोपराने ढोसत. चुका सांगायची तर चढाओढच लागली. ही गल्ली एवढी रुंद न्हाई, तिथं जिना हाय, आमच्या म्हशी कुठं गेल्या? सर खिशातला खडू काढून भिंतीवरच दुरुस्त्या करत होते, या वेळी कुणी रागावणारे नव्हते. झिऱ्याची स्लाइड आली तेव्हा गलका थांबला. बाबा माझ्या शेजारी बसले होते. त्यांनी भिंतीवरचा तो शब्द मोठ्याने वाचला, मग हळूच एकदा परत वाचला.

त्यालाही आता वीसेक वर्षे झाली. नितीनच्या दुकानात गल्ल्यामागच्या भिंतीवर त्या नकाशाची छापील प्रत आहे, आणि मी आष्टीच्या शाळेत भूगोल शिकवते. माझ्या वर्गातल्या भिंतींचा रंगही फार दिवस टिकत नाही. सर निवृत्तीनंतर नव्या जालन्यात राहतात. गुडघ्यांची तक्रार आहे. तरी एखादा माजी विद्यार्थी भेटला की त्याच्या नोकरीआधी त्याच्या गल्लीची चौकशी करतात.

दोन वर्षांपूर्वी बाबा गेले. तिसऱ्या दिवशी दुपारी मी दारात बसले होते, तर समोरून सर काठी टेकत येताना दिसले. आता आमची वस्ती पार बदलली आहे. पुलावर नवा स्लॅब पडला, जुने कठडे गेले, ओळींना सिमेंटचे रस्ते आले, शेवग्याचे झाड तर केव्हाच गेले. सरांच्या मागे रसूलभाई होते, म्हातारे झालेले, अंगावर तसेच पीठ. चालू गिरणी बंद करून ते सरांना दारापर्यंत घेऊन आले होते.

"सर, एवढ्या दुरून? घर कसं सापडलं?" मी विचारले.

"पुलापाशी आलो," सर म्हणाले, "आन् कुणालाबी विचारलं."

रसूलभाई दारातच चपला काढत होते. "मेरेकू पूछा ना सर ने," ते म्हणाले. "मालूम था मेरेकू. तेरे बाबा का घर मालूम नहीं होगा क्या?" आणि आत येऊन ते बाबांच्या फोटोसमोर बसले. मी तोवर रडले नव्हते. तेव्हा रडले.

सरांना त्या दिवशी रस्ता खरेच आठवत नव्हता की त्यांनी मुद्दाम विचारला, हे मला अजून कळलेले नाही. विचारायचे धाडसही होत नाही. विचारले तर ते म्हणतील, हे निळ्यात लिही.

सर, आपल्या पंचाहत्तरीला तुमच्या या विद्यार्थिनीचे एवढेच मागणे आहे. आपल्याला उदंड आणि निरोगी आयुष्य लाभो. आमच्याकडे यायला अजूनही पूल लागतो. तो ओलांडण्याइतके बळ आपल्या गुडघ्यांत कायम राहो, आणि तेवढे राहिले नाही तर काळजी करू नका. पुलापाशी या. हात धरून आणणारे आता दोन्हीकडे आहेत.